विश्लेषण : धुळ्याला विमानतळ हवे, पण शेजारी जळगावात विमान किती दिवस टिकणार?

धुळ्यात विकासाची चर्चा निघाली की मनमाड-इंदूर रेल्वे, पाणी आणि एमआयडीसी यांच्या पाठोपाठ गोंदूरच्या धावपट्टीचा विषय येतोच. ‘जळगावला विमान उतरते, मग धुळ्याला का नाही’ हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर गोंदूरमध्ये नाही, शंभर किलोमीटरवरच्या जळगाव विमानतळाच्या इतिहासात आहे. तिथे धावपट्टी होती, टर्मिनलची इमारत होती, राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटनही झाले होते. नव्हते ते फक्त विमान. २०२४ पासून फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या; पण त्या ज्या सरकारी आधारावर उभ्या आहेत, त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. म्हणजे २०२७ मध्ये जळगावची खरी परीक्षा आहे. धुळ्याने आपली मागणी पुढे रेटण्याआधी ती परीक्षा समजून घेतलेली बरी.

जळगावात आजवर काय झाले?

जळगावची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७०च्या दशकात बांधली. पुढे ती नगरपालिकेकडे आणि मग महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली. २००९ मध्ये राज्य सरकारने भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार केला आणि कुसुंबा शिवारातल्या या धावपट्टीचे रूपांतर खऱ्या विमानतळात सुरू झाले. जळगावच्याच प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या. त्यांच्याच हस्ते पायाभरणी झाली आणि मार्च २०१२ मध्ये उद्घाटनही झाले.

त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नियमित प्रवासी फेरी नव्हती. मंत्र्यांची, उद्योजकांची खासगी विमाने उतरत. सामान्य माणसाला तिकीट काढता येईल असे विमान नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली, तीही जेमतेम अठरा आसनांच्या बीचक्राफ्ट विमानाने. काही महिन्यांतच फेऱ्या अनियमित होत गेल्या आणि थांबल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली. सत्तर आसनांचे एटीआर विमान अहमदाबाद आणि मुंबईशी जोडले गेले. लोकांना सवय लागू लागली तोच करोना आला. त्यातून सावरण्याआधीच फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची सगळीच उड्डाणे थांबली.

पुढची दोन वर्षे पुन्हा शांतता. एप्रिल २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय ९१ या नव्या कंपनीने गोवा आणि हैदराबाद, तर मे महिन्यात पुणे जोडले. जूनमध्ये सरकारी मालकीच्या अलायन्स एअरने मुंबईची फेरी सुरू केली. उद्घाटनापासून २०२४ पर्यंतची बारा वर्षे धरली तर जळगावात नियमित विमान होते तो काळ तीन वर्षेही भरत नाही. विमानतळ बांधणे आणि विमान टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या बारा वर्षांत दिसले.

तिकीट स्वस्त कसे? फरक कोण भरतो?

‘उडान’ म्हणजे प्रादेशिक जोडणी योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली हे तिचे पहिले विमान उडाले. विमान कंपनी एखाद्या मार्गासाठी बोली लावते. त्या विमानातल्या निम्म्या आसनांचे भाडे सरकार ठरवून देते. सुरुवातीला साधारण तासाभराच्या प्रवासाला ते २,५०० रुपये होते. उरलेली आसने कंपनी बाजारभावाने विकते. ठरवून दिलेल्या भाड्यात तोटा होतो, तो भरून काढायला सरकार दर आसनामागे अनुदान देते. सरकारी भाषेत त्याला ‘व्यवहार्यता तूट निधी’ म्हणतात.

हे अनुदान येते कुठून? त्यातला ८० टक्के वाटा केंद्राच्या खास निधीतून, २० टक्के राज्याच्या तिजोरीतून. केंद्राचा निधी अर्थसंकल्पातून नव्हे, तर मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर लावलेल्या आकारणीतून जमतो. मुंबई-दिल्ली विमानात बसलेला प्रवासी नकळत जळगाव-पुणे प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावतो. धुळ्याचा जो माणूस वर्षातून एकदा मुंबईहून दिल्लीला किंवा बंगळूरुला विमानाने जातो, तोही यात आला.

याशिवाय राज्याने विमान इंधनावरचा मूल्यवर्धित कर एक टक्का किंवा त्याहून खाली ठेवायचा, पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमन सेवा मोफत पुरवायची, वीज-पाणी सवलतीने द्यायचे. प्राधिकरण विमान उतरवण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क घेत नाही. बदल्यात कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षे मक्तेदारी मिळते. या तीन वर्षांत प्रवासी तयार होतील आणि नंतर विमान स्वतःच्या पायावर उभे राहील, अशी योजनेची कल्पना.

कल्पना चांगली होती. हिशेब मात्र वेगळाच निघाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते केवळ ५४. म्हणजे शंभर मार्ग वाटले तर सात टिकले. जळगावची कहाणी अपवाद नाही. उलट ती सरासरीच्या जवळची आहे.

प्रवासी असूनही विमान बंद का पडते?

‘विमान भरून जात होते, तरी बंद केले’ अशी तक्रार प्रत्येक छोट्या शहरात ऐकू येते. ती बहुतेक वेळा खोटी नसते. पण विमान भरणे हा एकच मुद्दा नाही.

पहिली अडचण मुंबईची. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असलेल्या मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. तिथे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाचा. त्याच मिनिटात दीडशे-दोनशे प्रवाशांचे विमान उतरू शकत असताना अठरा किंवा सत्तर आसनांच्या विमानाला सकाळी आठची वेळ कोण देणार? मग दुपारची किंवा आडवेळेची मिळते. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी मुंबई गाठून रात्री घरी परतायचे असते. दुपारी एकला पोहोचवणारे विमान त्याच्या उपयोगाचे नाही. शिवाय त्याच्याकडे आणखी एक पर्याय असतो : रात्री जेवून रेल्वेत झोपायचे आणि पहाटे मुंबईत उतरायचे. जळगाव हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. मुंबईच्या विमानाची खरी स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नाही, स्लीपर आणि थ्री-टायर डब्याशी आहे.

पुण्याचे गणित याहून वेगळे. जळगावहून पुण्याला जाणारी रेल्वे मनमाड-दौंडचा वळसा घालते आणि गाड्याही मोजक्या. त्यामुळे रात्रीच्या लक्झरी बसवर सारा भार. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांची संख्या पाहता मुंबईपेक्षा पुण्याचे विमान टिकण्याची शक्यता अधिक वाटते. हैदराबादचेही तसेच : रेल्वेने जवळपास दिवस जातो, विमानाने तास-दीड तास, आणि पुढे दक्षिणेत कुठेही जाण्यासाठी तिथून जोडविमान मिळते.

दुसरी अडचण कंपन्यांच्या आकाराची. फ्लाय ९१ने सुरुवात केली ती दोन एटीआर विमानांवर. एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या मारते. सकाळी पहिल्या शहरात धुके पडले किंवा तांत्रिक बिघाड झाला, तर त्याचा धक्का संध्याकाळी जळगावच्या प्रवाशाला बसतो. एखादे विमान आठवडाभर दुरुस्तीला गेले, की सर्वांत कमी उत्पन्नाचा मार्ग आधी कापला जातो. त्या मार्गाच्या एका टोकाला बहुधा छोटे शहरच असते. दोनदा विमान रद्द झाल्यावर माणूस तिसऱ्यांदा रेल्वेचेच तिकीट काढतो, आणि मग कंपनी म्हणते, प्रवासी नाहीत.

तिसरी गोष्ट हवामान. लहान विमानतळांवर कमी दृश्यमानतेत उतरवण्याची यंत्रणा नसेल तर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. हिवाळी सकाळचे धुके आणि पावसाळी ढग तिथे थेट वेळापत्रक बिघडवतात. आणि खान्देशचा उन्हाळा! हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, विमानाला अधिक लांब धावावे लागते. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. एटीआरला ती पुरते. पण एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारखी मोठी विमाने पूर्ण भाराने, तेही मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, तिथून उडवणे परवडणारे नाही. त्यामुळे इंडिगोसारख्या कंपनीचे मोठे विमान धावपट्टी वाढल्याशिवाय जळगावात दिसणार नाही. एटीआर चालवणाऱ्या मोजक्या कंपन्यांवरच जळगाव अवलंबून राहणार.

अजिंठा इतके जवळ, तरी पर्यटक जळगावात का उतरत नाही?

जळगाव विमानतळ शहराच्या ज्या बाजूला आहे, तिथूनच अजिंठ्याचा रस्ता जातो. लेणी तिथून साधारण साठ किलोमीटरवर. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून ती जवळपास शंभर किलोमीटरवर आहेत. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेले स्थळ तासा-दीड तासावर असणे ही कोणत्याही छोट्या विमानतळासाठी मोठी लॉटरी म्हणायची. तरीही अजिंठ्याचा पर्यटक विमानाने उतरतो तो संभाजीनगरलाच.

याचे एक कारण साधे आहे. त्याला वेरूळही पाहायचे असते, आणि वेरूळ संभाजीनगरपासून तीस किलोमीटरवर. हॉटेले, गाइड, टॅक्सी, बीबी का मकबरा, सगळे तिकडे. परदेशी पर्यटकांच्या पारंपरिक सहलीत जळगाव येते ते शेवटी : अजिंठा पाहून जळगावला यायचे आणि भोपाळ-सांची किंवा आग्र्याकडे जाणारी रेल्वे पकडायची. जळगाव हा अजिंठ्याचा मागचा दरवाजा आहे. विमानतळ टिकवायचे तर तो निदान दुसरा पुढचा दरवाजा व्हायला हवा : संभाजीनगरला उतरायचे, वेरूळ-अजिंठा पाहायचा आणि जळगावहून उडायचे, किंवा याच्या उलट.

तसे होण्यात आडवा येतो तो कारभार. अजिंठा लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि मराठवाडा विभागात. विमानतळ जळगाव जिल्ह्यात, नाशिक विभागात. लेणी पुरातत्त्व खात्याकडे, विमानतळ प्राधिकरणाकडे, बस एसटी महामंडळाकडे, पर्यटन तिसऱ्याच महामंडळाकडे. विमानतळाच्या दारापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे साठ किलोमीटर कुणाचेच नाहीत. विमानाच्या वेळेला धरून सुटणारी, फर्दापूरच्या टी-पॉइंटपर्यंत नेणारी आणि परतीच्या विमानाआधी आणून सोडणारी एसटी ही काही अशक्य मागणी नाही. फर्दापूरहून पुढे चार किलोमीटर प्रदूषणमुक्त बसने जावे लागतेच. ती व्यवस्था वर्षानुवर्षे चालू आहे. मधला तुकडाच सुटलेला आहे.

लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. आठवड्यातून दोन-तीन दिवसच विमान असेल आणि त्यातला एक दिवस रविवार संध्याकाळचा असेल, तर अजिंठ्यासाठी आलेला माणूस सोमवारी हॉटेलात बसून राहणार. वेळापत्रक ठरवताना ही बाब कुणी लक्षात घेते का, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पर्यटनावर जगणाऱ्या विमानतळासाठी तो क्षुल्लक नाही.

रस्त्याची कथा जुनीच. संभाजीनगर-अजिंठा-जळगाव रस्त्याचे रुंदीकरण अनेक वर्षे रेंगाळले आणि त्या काळात अजिंठ्याला जाऊन आलेल्यांनी पुन्हा जाण्याचे नाव काढले नाही. जपानच्या कर्जातून दोन टप्प्यांत अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यात लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य अभ्यागत केंद्रही उभे राहिले. पुढे वीज आणि पाण्याची बिले थकल्याने ते बंद पडले. कर्ज काढून इमारत उभी राहते, पण तिचे दरमहा बिल कुणी भरायचे हे ठरत नाही. जळगावच्या टर्मिनलची पहिली पाच वर्षे आठवा, आजार तोच.

आणखी एक अडचण आतल्या गोटाची. जपान, थायलंड, श्रीलंकेतून येणारे बौद्ध पर्यटक गटाने येतात. त्यांच्या सहली वर्षभर आधी विकल्या जातात. आपल्याकडे विमानांची वेळापत्रके उन्हाळी आणि हिवाळी अशी सहामाही लागतात, आणि छोट्या मार्गांवर तीही अखेरपर्यंत बदलतात. तीस जणांचा गट म्हणजे एटीआरचे जवळपास अर्धे विमान. इतके ग्राहक एका फटक्यात देणारा सहल आयोजक, ‘पुढच्या जानेवारीत हे विमान असेल’ अशी खात्री मिळाल्याशिवाय जळगावचे नाव कार्यक्रमात घालत नाही.

बाहेर अशी विमानतळे कशी चालतात?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डोंगरात वसलेली स्कीइंगची गावे आहेत. बर्फ पडतो तेव्हा गर्दी, एरवी शुकशुकाट. अशा गावांसाठीची छोटी विमानतळे आपल्या जळगावपेक्षाही अवघड स्थितीत असतात, कारण त्यांचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. गनिसन हे त्यांपैकी एक. तिथून क्रेस्टेड ब्यूट हे स्कीइंगचे ठिकाण पंचेचाळीस किलोमीटरवर. तिथल्या मतदारांनी २००२ मध्ये कौल देऊन एक स्थानिक वाहतूक प्राधिकरण स्थापन केले आणि त्यासाठी विक्रीकरात छोटी वाढ मान्य केली. या पैशातून विमान कंपन्यांना हिवाळ्यासाठी किमान उत्पन्नाची हमी दिली जाते : विमान भरले तर गावाला काही द्यावे लागत नाही, रिकामे गेले तर फरक गाव भरते. त्याच पैशातून विमानतळ आणि स्कीइंगच्या गावादरम्यानच्या खोऱ्यात मोफत बस चालते.

तिथले उत्पन्न, कर आणि पर्यटक यांची आपल्याशी तुलना होणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. आधार तीन वर्षांनी आपोआप संपत नाही, दरवर्षी हिशेब करून कमी-जास्त होतो. आणि विमान व बस यांचा विचार एकच संस्था करते. शेवटचे किलोमीटर सोडून दिले तर हवेतले किलोमीटर वाया जातात, हे त्यांनी ओळखले आहे.

राज्यातला अनुभव काय सांगतो?

सिंधुदुर्गातले चिपी विमानतळ पर्यटनाच्या भरवशावर उभे राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये गाजावाजाने उद्घाटन झाले, मुंबईचे विमान सुरू झाले. तीन वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अलायन्स एअरची ती मुंबई फेरी बंद पडली. शेजारी गोव्यात मोपाचे नवे, मोठे विमानतळ सुरू झाले होते, हा भाग आहेच. पण बंद पडण्याची वेळ अनुदानाच्या मुदतीशी जुळावी, हा योगायोग नव्हे.

कोल्हापूर टिकले. तिथेही २०१८ मध्ये ‘उडान’च्या विमानानेच सुरुवात झाली होती. पण पुढे हैदराबाद, बंगळूरु, तिरुपती अशी, रेल्वेने लांब पडणारी शहरे जोडली गेली, धावपट्टी वाढवली गेली आणि एकाहून अधिक कंपन्या आल्या. एक गेली तरी दुसरी उरली. शिर्डीचे विमानतळ ‘उडान’मधले नव्हेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले ते २,५०० मीटरच्या धावपट्टीसह, मोठ्या विमानांसाठी. आणि साईभक्तांना ना हंगाम, ना सोमवारची सुट्टी.

अजिंठा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. शिर्डीइतका ओघ नाही. पण चिपीसारखे शेजारी मोठे विमानतळ उभे राहून ग्राहक पळाले, असेही नाही. संभाजीनगर आधीपासूनच होते. जळगावची केळी या गणितात धरू नये. ती किलोला इतकी स्वस्त आणि इतकी जड की विमानभाडे तिला झेपत नाही. रावेर-सावद्याचा माल रेल्वे, ट्रक आणि निर्यातीसाठी समुद्रमार्गे कंटेनरनेच जाणार.

धुळ्याच्या मागणीचे काय?

गोंदूरची धावपट्टीही १९७०च्या दशकातलीच. आज ती ओसाड नाही. वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमाने तिथे उडतात. १९२८ पासूनच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने मुंबईची गर्दी टाळून प्रशिक्षण इकडे हलवले. शिरपूरलाही शिक्षणसंस्थेची स्वतःची धावपट्टी आणि वैमानिक प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ मध्ये प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या, त्यात जळगाव होते. कोरडी हवा, वर्षातले बहुतांश दिवस निरभ्र आकाश आणि फारशी गर्दी नसलेला हवाई प्रदेश, ही खान्देशची खरी जमेची बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये शिरपूरच्या केंद्राचे प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात कोसळले, प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक जखमी झाली. त्यामुळे या वाढत्या प्रशिक्षणासाठी बचाव यंत्रणा आणि रुग्णालय व्यवस्था काय आहे, हा प्रश्न प्रवासी टर्मिनलपेक्षा अधिक तातडीचा आहे.

प्रवासी विमानासाठी गोंदूरला काय लागेल? धावपट्टीची लांबी-रुंदी वाढवायची तर भूसंपादन. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना, सुरक्षा तपासणीची व्यवस्था, विमानाच्या लांबीनुसार अग्निशमन गाड्या आणि चोवीस तास माणसे, हवाई वाहतूक नियंत्रण, टर्मिनल. हे सगळे एका एटीआरच्या दिवसाला एका फेरीसाठी. जाऊन-येऊन एकशे चाळीस आसने. रोज विमान आले आणि दहापैकी सात आसने भरली, तरी वर्षाला सुमारे ३६ हजार प्रवासी. अमळनेर, पारोळा, चाळीसगावचा प्रवासी जळगाव आणि धुळे या दोन्हींचा. शंभर किलोमीटरच्या अंतरात दोन विमानतळ त्याच प्रवाशासाठी भांडले, तर दोघांचीही विमाने अर्धी रिकामी जातील आणि दोघांनाही कंपनी सोडून जाईल.

शिवाय धुळे पर्यायांविना नाही. रस्त्याने ओझर साधारण १४० किलोमीटर, शिर्डी आणि संभाजीनगर दीडशेच्या आसपास. जळगाव सर्वांत जवळ. पण तिथे पोहोचण्याचा फागणे-तरसोद हा चौपदरीकरणाचा टप्पा वर्षानुवर्षे रखडला आणि धुळेकरांच्या मनात जळगाव आहे त्याहून दूर गेले. मुंबईचे विमान तासाभराचे आणि ते पकडायला खड्ड्यांतून तीन तास, हे कुणालाच पटणारे नाही. धुळे बसस्थानकातून विमानाच्या वेळेला धरून जळगाव विमानतळापर्यंत थेट बस सुटली, तर धुळ्याला ‘विमान मिळण्या’चा तो सर्वांत स्वस्त मार्ग ठरेल. गंमत म्हणजे ही मागणी कोणत्याही जाहीरनाम्यात दिसत नाही. बसचे भूमिपूजन होत नाही, हे एक कारण असावे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८ हजार कोटींहून अधिक. आज चाळीसगावच्या फाट्यावर अडकलेले धुळे त्यामुळे मुख्य मार्गावर येईल. मुंबई आणि इंदूरकडे जाणाऱ्या धुळेकराच्या दृष्टीने तो गोंदूरच्या टर्मिनलपेक्षा मोठा बदल असेल. आणि रेल्वे चांगली झाली की मुंबईच्या विमानाची मागणी कमी होते, हे जळगावात दिसतेच आहे. धुळ्याला विमान लागेल ते पुणे, हैदराबाद, बंगळूरु, दिल्लीसाठी, आणि ते जळगावातून टिकले तर.

२०२७ मध्ये काय होऊ शकते?

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुधारित ‘उडान’ योजना जाहीर झाली : दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे आणि चार कोटी प्रवासी. ‘नवी ठिकाणे’ हा शब्द जळगावसाठी थोडा काळजीचा. सरकारी उत्साह नव्या विमानतळांच्या फिती कापण्याकडे असतो. आधीच जोडलेल्या पण अजून न रुजलेल्या शहरांना दुसऱ्यांदा आधार मिळणार का, हे त्यात महत्त्वाचे. मुदत संपल्यावर ठरावीक भाड्याची आसने जातील, तिकीट वाढेल, मक्तेदारी संपेल. पुण्याची फेरी त्यातून तरेल असे मानायला जागा आहे. मुंबईचे तितके खात्रीने सांगता येत नाही, जरी नवी मुंबई विमानतळामुळे स्लॉटची चणचण थोडी सैल होणार असली. या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. मात्र पनवेलजवळ उतरून दक्षिण मुंबईत पोहोचायला लागणारा वेळ धरला, तर रात्रीची रेल्वे पुन्हा पुढे जाते.

राज्य सरकारच्या हातात एक पर्याय आहे. केंद्राचा आधार संपेल त्या दिवसापासून राज्याने स्वतःच्या तिजोरीतून, कमी होत जाणारे अनुदान आणखी दोन-तीन वर्षे द्यायचे, आणि ते विमान वेळेवर उडाले तरच द्यायचे. सध्या राज्य २० टक्के भरतेच. अशी तरतूद करायची तर ती २०२६-२७च्या अर्थसंकल्पातच दिसायला हवी, कारण एप्रिल २०२७ उजाडल्यावर कंपनीने विमान दुसऱ्या शहराकडे वळवलेले असेल. छोट्या कंपन्यांची विमाने मोजकी असतात. एकदा गेलेले विमान परत आणायला जळगावला मागच्या वेळी दोन वर्षे लागली होती.